दोन विती, चार बोटं

उंची नका विचारू, काका. उंची पाच फूट नऊ, ती स्थळाच्या कागदावरच होती — वजन, चष्मा, पगार, सगळं होतं त्यावर. पाठ नव्हती. पाठ कोण लिहितं? पण आत्ता तुम्हीच म्हणालात ना, की हे गाडीवर घालायचं पाठीचं कवच उंचीवर नसतं घ्यायचं, मानेखाली ते हाड लागतं तिथपासून कमरेपर्यंत मोजायचं — म्हणून सांगते, दोन विती आणि चार बोटं. वीत माझी. ही बघा. तुमची नको, तुमचा हात मोठा आहे, तुमच्या विती धरल्या तर वेगळाच माणूस निघेल. टेप आहे ना तुमच्याकडे? मग माझी वीत मोजा आणि करा हिशोब — एकोणीस सेंटिमीटर? एकोणीस दुणे अडतीस, आणि ही चार बोटं. झालं. द्या.

मोजली कशी? सिग्नलला. गाडीवर मागे बसून. पहिली वीत स्वारगेटला टाकली, तेवढ्यात सिग्नल सुटला, मग अंगठा तिथेच रोवून ठेवला ते थेट टिळक रोडपर्यंत — पुढचा सिग्नल लागेस्तोवर हललाच नाही. नवऱ्याला वाटलं मी लाडात आले. खूश होता दोन दिवस.

अरे देवा. असं कसं? वाकून बसलं की पाठ लांब होते? म्हणजे माझं सगळं चुकलं? — नाही, उभं करून नाही मोजता येणार. अहो, दोन खोल्या आहेत आमच्या. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्या, म्हणजे तुम्हीच समजा. बाहेर सासरे पेपर वाचतात, तोही एकदा वाचून झाला की उलटीकडून, आत सासूबाई. तिथे मी नवऱ्याला भिंतीशी उभं करून पाठीला टेप लावायची, आणि सासऱ्यांनी चष्म्यावरून बघून विचारायचं, ‘काय गं, शर्ट शिवतेस की काय?’ लग्नाला सहा महिने झालेत. घरात ‘अहो’ म्हणते, गाडीवर शुभंकर म्हणते. शुभंकरची पाठ गाडीवरच मिळते मला, ती वाकलेलीच असते. त्याला मी काय करू?

हे कोणतं? हे मऊ आहे. जॅकेटच्या आतल्या खिशात सरकवायचं — हां, तसलं त्याच्याकडे आहे, जॅकेटबरोबर आलेलं. पायपुसण्याएवढं जाड. आणि हे पट्ट्यांचं, खांद्यावरून घ्यायचं, कमरेला बेल्ट. हेच. असंच होतं. — म्हणजे, असंच हवंय. लेव्हल टू म्हणजे आत धक्का कमी पोचतो. मग लेव्हल वनमधून जास्त पोचत असणार. मग वन ठेवता कशाला दुकानात? हलकं असतं, गरम कमी होतं, बरं. पुण्यात माणूस गरम होतं म्हणून काहीही काढून ठेवतो, सुरुवात हेल्मेटपासून. टूच द्या. रस्त्यालाही वापरेल, रविवारी सकाळी ताम्हिणी घाटात जातात ते सगळे गाडीवाले मित्र, पण मुख्य ट्रॅकला, रेसच्या गाड्या पळवतात तिथे. परवा आहे. तमिळनाडूत. गाडी काल टेम्पोतून गेली, हा आज संध्याकाळच्या बसने. आणि ट्रॅकवर आधी सामान तपासतात म्हणे, पाठीला हे नसेल तर आतच सोडत नाहीत. किती चांगला नियम आहे. मला वाटलं होतं, इतका चांगला नियम आहे म्हटल्यावर —

जाऊ दे. ते हिरवं दाखवा.

नाही, घरी माहीत नाही. म्हणजे माहीत आहे, पण ट्रेक माहीत आहे. हसू नका. बघायला आले तेव्हा हा म्हणाला, ‘महिन्या-दोन महिन्यांनी ट्रॅकला जातो.’ आत आमच्या आईचा मिक्सर चालू होता. बाबांनी ऐकलं, ट्रेकला जातो. बाबा एकदम खूश — मुलगा निर्व्यसनी, निसर्गप्रेमी, गड-किल्ले. साखरपुड्याला त्यांनी त्याला ट्रेकिंगची काठी दिली, घडीची. याने घेतली. काय करणार, इतक्या लोकांत काठी देतायत तर माणूस घेतोच. सासरीही तेच, वर्षानुवर्षं ‘शुभ्या ट्रेकला गेलाय’. हे कवच बघून सासूबाई शेजारच्यांना सांगत, पाठीला बॅग घासू नये म्हणून असतं ते. मला कधी कळलं? लग्नानंतर दोन महिन्यांनी. फोनवर व्हिडिओ दाखवला त्याने — हा आमचा मागून तिसरा, हा असा गुडघा टेकवून वळताना. मी म्हटलं, छान. दुसरं काय म्हणणार? मी कमी बोलते, काका. खरंच. आज काय झालंय कोण जाणे. मग दाखवताना पुढचाही व्हिडिओ लागला, तो त्याने घाईने बंद केला. त्यात कुणीतरी पडलेलं होतं. मी विचारलं नाही कोण. हेल्मेट ओळखलं होतं मी.

त्याच्याकडचं कुठे गेलं? गेलं. दिवाळीच्या आवराआवरीत. सासूबाईंनी चुकून बोहारणीला देऊन टाकलं. जुन्या कपड्यांत गेलं, लक्षात नाही आलं — होतं असं घरात. आता हा निघालाय मित्राचं उसनं घालून. जयसिंगचं. जयसिंग हा एवढासा आहे, माझ्या कानाला लागतो. काल घालून बघितलं त्याने, कमरेला इतकी जागा उघडी. चार बोटं. म्हणे, ‘चालतं गं, तपासणीला असलं म्हणजे झालं.’ नाही ना चालत? तुम्हीही मान हलवताय. म्हणून तर आले अर्धी रजा टाकून.

मग एक मोठंच देऊन टाका ना, झाकलं जाईल सगळं. — नाही? वाकून पुढे बघायला मान वर केली की मागून हेल्मेटला लागतं? म्हणजे समोरचं दिसत नाही. म्हणजे लहान दिलं तर कंबर, मोठं दिलं तर मान. आणि मी आणलंय काय, तर वीत.

कवच कसं दिलं जाईल चुकून, म्हणताय? हे इतकं मोठं, कडक? तेच तर. ती बोहारीणही घ्यायला तयार नव्हती. उलटसुलट करून बघितलं, म्हणाली, ‘ताई, ही कासवाची पाठ मी कुणाला विकू?’ मी म्हटलं, घ्या हो, चांगलं आहे, मजबूत आहे. ती पातेल्यावरचं झाकण द्यायला तयार होईना, म्हणून मी माझे दोन पंजाबी ड्रेस वर टाकले, एक तर घातलाही न —

हो. मीच.

मीच दिलं, काका. मला वाटलं, ते नसलं की सोडत नाहीत, सोडलं नाही की तो जाणार नाही. इतकं सोपं वाटलं होतं. मित्राकडून मागून आणेल हे डोक्यातच नाही आलं, मला भावंड नाही ना, उसनं मागायची सवय नाही. आणि त्याने घरभर शोधलं, माळा उपसला, आणि हॉलमध्ये उभा राहून विचारलं, कुणी हलवलं? मी तोंड उघडणार होते. उघडलं असतं, पण सासूबाई मेथी निवडत होत्या, त्यांनी मान वर न करता सांगितलं, ‘मी दिलं बोहारणीला. जुनं वाटलं मला.’ तो त्यांना वाट्टेल ते बोलला. कधी आवाज चढवत नाही घरात, त्या दिवशी चढवला. त्या मेथी निवडत राहिल्या. मग एकदा फक्त माझ्याकडे बघितलं. घरातलं नवं पातेलं त्यांना दिसलं नसेल? आणि तेवढ्यात मला कळलं — ट्रेक-बिक काही नाही, यांना सगळं ठाऊक आहे. कधीपासून, देव जाणे. बारा दिवस झाले. तो आईशी कामापुरतं बोलतो, आणि त्या मला आग्रहाने वाढतात. तो आग्रह गिळवत नाही हो.

आज शुक्रवार, तुमचीही निघायची वेळ झाली असेल, मी आपली बोलतच बसले. एवढं सांगा, अंदाजाने मधला साइज दिला तर? — घालून बघितल्याशिवाय नाही देणार. गिऱ्हाईक घालवताय तुम्ही. लोक काहीही विकतात, आणि तुम्हीच एक असे निघालात. ‘त्यांनाच घेऊन या.’ त्यांना आणायचं तर सांगावं लागेल कशाला, आणि कशाला सांगितलं की कुठे गेलं तेही आलं.

थांबा जरा. लावते फोन.

हॅलो — हो, मीच. जेवलास? ऐक, नाना पेठेत ये. आत्ता. गाडी गेलीय तर रिक्षाने ये. एक दुकान आहे, हुसेनकाकांचं, पत्ता पाठवते. तुझ्या पाठीचं माप घ्यायचंय, उभ्याने. — नाही, जयसिंगचं नाही घालायचं. नाही चालत ते. — मला कसं माहीत म्हणजे? शुभंकर, ते आईंनी दिलं नव्हतं. मी दिलं. — हो. मुद्दाम. आईंनी माझ्यासाठी अंगावर घेतलं. — हॅलो? आहेस ना?

…

नाही, ठेवला नाही त्याने. ठेवला असता तर टूं टूं वाजलं असतं. बघा, सेकंद पुढे चाललेत. नुसता धरून उभा आहे. मागे ऑफिसातलं कुणीतरी बोलतंय.

तुम्ही जा, काका, नमाजाला उशीर नको. ओढून घ्या शटर. मी पायरीवर बसते.