कोणी मरत नाही अशी कादंबरी

नलू : मंग ह्याच्यात कोणी मरत नाही?

अण्णाजी : नाही. शेवटच्या पानापर्यंत वाचून पाहिली मी. शेवटी सगळे अंगणात बसून जेवतात.

नलू : अन् ही काळ्या पुठ्ठ्याची?

अण्णाजी : ती राहू दे, सूनबाई. ती परत न्यायची आहे. वाचनालयातल्या विमलाबाई म्हणाल्या फार चांगली आहे, म्हणून पिशवीत टाकली. घरी येऊन मधूनच उघडली, तर... जाऊ दे. नाहीच चालायची.

नलू : साऱ्या वाचनालयात माह्याबद्दल सांगतलं का मामाजी?

अण्णाजी : सांगायचं कशाला? एवढंच म्हटलं की डॉक्टरीणबाईंनी सूनबाईला संक्रांत होईपर्यंत पडून राहायला सांगितलं आहे. थंडीचे दिवस निघून जातील अशा चार-पाच कादंबऱ्या पाहिजेत. त्यांनी विचारलं, कोणत्या प्रकारच्या. मी म्हटलं, कोणी मरत नाही अशा. त्या बराच वेळ कपाटासमोर उभ्याच राहिल्या.

नलू : आत्याबाई कधी येतील?

अण्णाजी : तुझी सासू शेजारच्या प्रमिलाबाईंबरोबर बाजारात गेली आहे. दिवेलागणीपर्यंत येईल. काही पाहिजे होतं का?

नलू : नाही.

अण्णाजी : सकाळपासून तू एकच पान धरून बसली आहेस. पुस्तक आवडलं नसेल तर बदलून आणतो.

नलू : मामाजी, बाळंतपण असलेली एखादी नव्हती का?

अण्णाजी : तसली मी हातातच घेत नाही.

नलू : मले तसलीच पाहिजे होती.

अण्णाजी : का गं?

नलू : पाहाचं होतं. त्याच्यात एखादी बाई असन, अशीच पडून राह्यलेली. रोज चहा पेला का तिले लगेच कळते. आज नाही कळलं. गुळाचा खडा खाऊन पाह्यला, या कुशीवर, त्या कुशीवर निजून पाह्यलं. तरी नाही. तं मंग ती बाई काय करते, ते लिहिलं असन त्याच्यात.

अण्णाजी : काय नाही कळलं?

नलू : हालचाल.

अण्णाजी : सकाळपासून?

नलू : घरात बाईमाणूस नाही तिच्या. नवरा जाम गावाले, नोकरीवर, शनिवारशिवाय येत नाही. नुसते सासरे आहेत. त्यांच्यासमोर तिनं कधी डोक्यावरचा पदर ढळू देला नाही. ती कोणाले सांगन?

अण्णाजी : सासऱ्याला सांगेल.

नलू : अन् सासरा काय करन?

अण्णाजी : आधी घाबरेल. मग चपला घालेल.

नलू : मामाजी, तुम्ही कोठी निघाले?

अण्णाजी : बबनरावचा ऑटो दारात उभा आहे. त्याला हाक मारतो. तू एकटी उठू नको.

नलू : आत्याबाई येऊ द्या. त्या म्हणतील, निजलं असन. मागच्या वेळीही म्हणाल्या होत्या. थंडीनं लेकरू निजते, सकाळपर्यंत वाट पाह्य म्हणाल्या.

अण्णाजी : मागच्या वेळी तू तिला सांगितलं होतं?

नलू : संध्याकाळीच सांगतलं होतं.

अण्णाजी : मला तर सकाळी कळलं. सगळं होऊन गेल्यावर.

नलू : तुम्हाले कसं सांगणार होती मी?

अण्णाजी : शाल घे. माझ्या खांद्याला धर. धर, सूनबाई, काही होत नाही. बबनराव, ऑटो लाव रे. पलीकडच्या घरी सांगून ठेव, बाजारातून आली की तिला दवाखान्यात पाठवा म्हणावं.

नलू : माही चप्पल राह्यली.

अण्णाजी : बस. सरक आत. चल रे बबनराव. हळू घे. नाही, हळू नको, खड्डे पाहून लवकर घे.

नलू : मी ध्यान देऊन राह्यली, पण हा ऑटोच एवढा हालते. काहीच समजत नाही.

अण्णाजी : तिकडे ध्यान देऊ नको.

नलू : तं कुठं देऊ? काहीतरी बोला मामाजी. तुम्ही चूप झाले का मले मागच्या वेळचंच दिसते.

अण्णाजी : काय बोलू? जन्मभर तहसिलीत अर्ज लिहिले. बोलायचं मला सुचत नाही.

नलू : हातात काय आहे तुमच्या?

अण्णाजी : अरे. तुला उठवताना घेतलेली ही कादंबरी हातातच राहिली की.

नलू : वाचा मग.

अण्णाजी : अक्षर ठरत नाही. तोंडीच सांगतो. एक गाव असते, नदीकाठचं. तिथं नाव चालवणारा म्हातारा असतो, गुणाजी. त्याची एक नात आणि एक आडदांड बोकड. तो बोकड सरपंचाच्या घरात शिरतो आणि लग्नासाठी वाळत घातलेल्या सगळ्या शेवया खाऊन टाकतो.

नलू : मंग?

अण्णाजी : मग मोठं भांडण. गाव गोळा होते. त्याच सरपंचाच्या मुलाला पुढे ही नात आवडते. दरम्यान नदीवर पूल होतो. नावेचं काम संपते. मग नातीचं लग्न होते आणि सगळे अंगणात बसून जेवतात.

नलू : म्हातारा कुठं बसते जेवाले?

अण्णाजी : म्हातारा?

नलू : गुणाजी.

अण्णाजी : तो त्याच्या थोडा आधी... पूल झाल्यावर... नावेतच झोपलेला असतो एक दिवस.

नलू : मेला ना तो?

अण्णाजी : फार म्हातारा होता. म्हाताऱ्याचं मी धरलंच नव्हतं. मी तुझ्यासाठी लहान लेकरं आणि तरण्या बाया तेवढ्या पाहत होतो. म्हातारे गेले तर चालते असं समजून चाललो.

नलू : नाही चालत मामाजी. मले नाही चालत.

अण्णाजी : बरं. रडू नको. हा आलाच दवाखाना. बबनराव, अगदी पायऱ्यांपाशी घे.

(दवाखान्याचा व्हरांडा. नलूला आत नेलं आहे. दिवस मावळतीला आला आहे. नलूची सासू देवकाबाई घाईघाईनं येते.)

देवकाबाई : अवो, कोठी हाय थे? ऑटोत टाकून नेली म्हणून सांगतलं मले. भाजीची थैली तशीच कट्ट्यावर टाकून आली मी.

अण्णाजी : आत आहे. अजून कोणी काही बोललं नाही.

देवकाबाई : मले तं येऊ द्याचं होतं. निजलं असन लेकरू. थंडी केवढी पडून राह्यली.

अण्णाजी : मागच्या वेळीही तू हेच म्हटलं होतं.

देवकाबाई : तिनं सांगतलं तुमाले?

अण्णाजी : आज सांगितलं.

देवकाबाई : माह्या मायनं मले तसंच सांगतलं होतं. कृष्णाच्या वक्ताले दिवसभर काई नाई अन् रातच्याले लागला लाता माराले. मले वाटलं, तसंच होईन. मले काय आंदरचं दिसते?

अण्णाजी : मला का नाही उठवलं?

देवकाबाई : बायाईचं काई तुमी कधी इचारलं मले?

अण्णाजी : नाही विचारलं.

देवकाबाई : ह्या खेपेले तिच्या पोटाकडं पाह्याची हिंमत नाई होत माही. घरात पाय ठरत नाई. काई ना काई काम काढतो अन् बाहीर जातो. मेथी घरी होती, तरी आज मेथी आणाले गेलती.

अण्णाजी : आत जा.

देवकाबाई : मी नाई जात. मले भेव वाटते.

अण्णाजी : मलाही वाटते. पण मला दारातून परत पाठवतात. ती एकटी आहे आत. तू जा.

देवकाबाई : जातो. पण तुमी इथून हलू नका.

अण्णाजी : नाही हलत.

(थोड्या वेळानं देवकाबाई आतून परत येते.)

देवकाबाई : अवो.

अण्णाजी : आलीस का? बोल. जे असेल ते बोल.

देवकाबाई : मी गेली तवा सिस्टर पोटावर नळी ठेवून ऐकत होती. पह्यले काई लागेच नाई. इकडं ठेवली, तिकडं ठेवली. नलूनं डोळे मिटले. मीबी मिटले. तिनं माहा हात असा आवळला, हे पाहा, बांगडी फुटली.

अण्णाजी : मग?

देवकाबाई : मंग लागले ठोके. मंद हायेत म्हणे, पण लागले. मोठ्या डॉक्टरीणबाईनंबी ऐकले.

अण्णाजी : लागले?

देवकाबाई : बसा खाली.

अण्णाजी : धोका गेला म्हणाल्या का?

देवकाबाई : मी दोनदा इचारलं. गेला असं नाई म्हटलं त्याईनं. आता घरी नाई सोडत, इथंच ठेवतील. घडीघडी ऐकत राह्यतील. वखत आला तं लवकर बाळंतपण करून मोकळी करतील म्हणे.

नलू : मामाजी. इकडं, खिडकीपाशी या.

अण्णाजी : आलो. कसं वाटते?

नलू : भेव वाटते. सिस्टर नळी उचलते तं वाटते, आता पुन्हा ठेवल्यावर लागन का नाही.

अण्णाजी : मी इथेच आहे. खिडकीखाली बाक आहे, त्यावर बसतो.

नलू : बाहीर थंडी आहे.

अण्णाजी : असू दे. ही आत तुझ्याजवळ बसेल. कृष्णकांतला जामहून आणायला बबनराव गेला आहे.

नलू : तुम्ही वाचान का?

अण्णाजी : ही? ही तर मी सगळी सांगून टाकली.

नलू : तरी वाचा. सिस्टरले विचारलं मी. जेवणं येईपर्यंत वाचा म्हणे.

अण्णाजी : बरं. "त्या वर्षी नदीला पाणी कमी होतं. गुणाजीनं नाव काठाशी ओढली आणि..."

नलू : थांबा, मामाजी. बाजूच्या खाटेवरची बाई म्हणते, पुन्हा सुरू करा. तिले पह्यलं वाक्य ऐकू नाही आलं.

अण्णाजी : कोण आहेत त्या?

नलू : आष्टीकडची आहे. तिच्याजवळ कोणी नाही. जरा मोठ्यानं वाचा.