मागच्याला सांगायचं

नदीकाठच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात नर्सबाई पंक्चर काढायला थांबल्या होत्या. त्यांच्या आधी एक आजोबा होते. त्यांचं पुढचं चाक पार वाकडं झालं होतं.

"आजोबा, सायकल खड्ड्यात घातलीत ना?" दुकानातल्या पोराने विचारलं.

"घातली."

"दिसला नाही का खड्डा?"

"दिसला की! चांगला मोठ्याने ओरडलोसुद्धा, 'खड्डा!'"

"कोणाला ओरडलात?"

"मागच्याला. पुढे असेल त्याने ओरडायचं, मागच्याने 'दिसला' म्हणायचं. आमच्या सायकलवाल्या टोळीची पद्धतच होती तशी."

"मग मागे कोण होतं?"

"कोणी नव्हतं रे. पण 'दिसला' ऐकू आलं नाही, म्हणून वळून पाहिलं. तेवढ्यात मीच आत!"

"कमाल करता! आणि तुमची ती टोळी कुठे गेली?"

"एकाचे गुडघे गेले, एक लेकीकडे राहायला गेला. धाकटा भाऊ सगळ्यात मागे असायचा. तो तर गेलाच."

"थांबा, चाकाच्या तारा जरा आवळून देतो."

"आवळ."

"ते ओरडणं सोडून द्या आता."

"सोडतो म्हणतो रोज. जिभेला खोड लागलीय मेली."

"निदान वळून बघू नका."

"नाही बघत, बाबा."

आजोबा निघाले. पाठोपाठ नर्सबाईंचं पंक्चरही लगेच निघालं. त्याही त्याच वाटेला लागल्या. वळणावर आजोबा पुढे दिसले, आणि हाक आली,

"खड्डा!"

"दिसला!" नर्सबाई जीव खाऊन ओरडल्या.

पण वारा समोरून होता. आजोबांची मान हळूहळू मागे वळायला लागली.