नेपच्यूनपाशी उभा माणूस

रुपराव: ...पाच वीसले नळ येते, मॅडम. रोजच. मी पाण्याचे दोन गुंड भरतो, काजल बादल्या भरते. साडेपाचले मी चहा मांडतो, तिची माय पोळ्या लाटते. काजल अंगणात उभी राहून वेणी घालते अन् घालता घालता वर पाह्यते. आज आभाळात काय दिसून राह्यलं ते मले सांगते. मले सारं समजते असं नाही, मी हो म्हणतो. सहा चाळीसले तिची सायकल निघते. आजही नळ आला, बादल्या भरल्या, वेणी झाली, डबाही भरला. सात वाजले तरी दप्तर खुंटीवरच. मी म्हटलं, काहून वं? म्हणे, बाबा, माही टीसी काढून आणा.

दीप्ती: आज प्रार्थनेला ती नव्हती. माझ्या लक्षात आलं.

रुपराव: लक्षात तं तुमच्या कालही आलं होतं.

दीप्ती: रुपरावजी, बसा ना. प्रयोगशाळेत आत्ता कोणाचा तास नाही.

रुपराव: बसाले नाही आलो. हा अर्ज. काजल रुपराव धकाते, इयत्ता नववी. वर्गशिक्षिकेची सही लागते म्हणे. करा.

दीप्ती: कारण ‘घरगुती अडचण’ असं लिहिलंय तुम्ही.

रुपराव: खरं लिहू? पेन हाये खिशात.

दीप्ती: आणि ती जाणार कुठं?

रुपराव: उमरेडले. माह्या मोठ्या बहिणीकडं, तिच्या आत्याकडं राहीन. तिथं दहावी करीन, मंग आर्ट्स घेईन म्हणते. सायन्स नाही.

दीप्ती: काजल सायन्स घेणार नाही? वर्गात उल्कापातावर मला वीस मिनिटं थांबवून ठेवणारी मुलगी?

रुपराव: तेच तं. तुम्ही घरी आल्या होत्या, आठवते? दिवाळी झाल्यावर, विज्ञान प्रदर्शनाचं सांगाले. चहा पिता पिता तुम्ही मले सांगितलं. शाळेच्या गेटवर दीड फुटाचं टोपलं ठेवू, तो सूर्य. तिथून पन्नास मीटरवर ज्वारीचा एक दाणा, ते पृथ्वी. दोनशे साठवर लिंबू, तो गुरू. अन् सगळ्यात शेवटी एक बोर, दीड किलोमीटरवर, नाल्याच्या पुलापाशी. तो नेपच्यून. म्हणाल्या, टेपनं एवढं मोजता मोजता पोरं थकतील, तुम्ही विणकर माणूस, तुम्ही सूत मोजून द्या. माग विकून बारा वर्षं झाली, मॅडम. ताणा काढायचं, उभं सूत मोजायचं चाक तेवढं मी नाही विकलं, काहून नाही विकलं ते माहीत नाही. तीन रविवार ते फिरवलं. दर ग्रहाले एक लाल गाठ.

दीप्ती: मला सगळं आठवतं.

रुपराव: मंग मी काल कुठं होतो, तेही आठवत असन.

दीप्ती: नेपच्यूनपाशी.

रुपराव: अर्धी रजा टाकली. दहा वाजल्यापासून सुताचं टोक धरून उभा. म्हटलं, परीक्षक येतील, त्याइले दाखवतो, पाहा जी, इथून तुमचं टोपलं दिसते का. एक बकऱ्यावाला आला. त्यानं इचारलं, काय करून राह्यले भाऊ? म्हटलं, नेपच्यून. तोही बिचारा थांबला थोडा वेळ. परीक्षक नाही आले. एक वाजला, दीड वाजला. मंग सूत हातातल्या हातात ढिलं पडलं. तिकडून कोणी तरी कापलं होतं.

दीप्ती: भैयाजींनी सांगितलं कापायला. संस्थेचे सचिव म्हणून. रस्त्यावर गाड्यांना अडचण होते म्हणाले. तुम्ही टोकाला उभे आहात हे कोणाच्या लक्षातच राहिलं नाही.

रुपराव: तुमच्याही?

दीप्ती: माझ्याही.

रुपराव: बरं. आता इकडं गेटवर काय झालं ते सांगा. काजलनं सांगितलंच हाये. पण मले तुमच्या तोंडून ऐकाचं हाये.

दीप्ती: परीक्षक अभिजीत सरांनी खेळाच्या सरांकडून टेप मागवली. पृथ्वी पन्नास मीटरऐवजी साडेबावन्नवर निघाली. मग गुरूपर्यंत मोजलं. तो दोनशे साठऐवजी दोनशे त्र्याहत्तरवर. त्यांनी विचारलं, सूत कोणी मोजलं? काजलनं तुमचं नाव सांगितलं, तुम्ही विणकर आहात हेही सांगितलं. अभिमानानं सांगितलं. मग ते म्हणाले...

रुपराव: म्हणा ना.

दीप्ती: ‘बेटा, विज्ञान म्हणजे लुगडं विणणं नव्हे.’ खुर्च्यांवर बसलेले लोक हसले.

रुपराव: अन् तुम्ही?

दीप्ती: मी हसले नाही.

रुपराव: लय उपकार झाले.

दीप्ती: तुम्ही रागावलात ते योग्यच आहे. पण अंतर वाढलं कसं, हे मला विचारू द्या. तुमच्या हातून मोजण्यात चूक होईल असं मला वाटत नाही.

रुपराव: चूक माहीच हाये, नाही म्हणत नाही. पन्नास मीटर कापड पाहिजे असन तं ताणा पन्नासचा कोणी काढते का? विणता विणता सूत आवळते. शंभराले पाच जास्त धरा लागते. माह्या बापानं मले सातव्या वर्षी शिकवलं ते. चाक हाती आलं का हात आपोआप तेवढं जास्तच फिरते, डोक्याले इचारत नाही. कापड नाही विणाचं, आकाश मोजाचं हाये, हे हाताले कोण सांगन? पोरीले मी सांगितलंही नाही. मलेच काल संध्याकाळी उमगलं. तिनं इचारलं तवा.

दीप्ती: ती तुमच्यावर रागावली?

रुपराव: नाही. रडलीही नाही. वही घेऊन बसली. दर गाठीले चाकाचे किती फेरे झाले ते मले इचारून आठही ग्रहाची अंतरं मांडली अन् भागाकार केले. मी बाजूले बसून होतो. बुध, एक पूर्णांक पाच शतांश. शुक्र, तेवढंच. पृथ्वी, तेवढंच. नेपच्यूनपर्यंत एकच उत्तर. मंग माह्याकडं पाहून म्हणे, बाबा, आपलं काहीच नाही चुकलं. सारंच शंभराले पाचनं मोठं झालं, तं प्रमाण तेच राह्यलं. फक्त आपली सूर्यमाला त्याइच्या सूर्यमालेपेक्षा जराशी लांब हाये.

दीप्ती: बरोबर आहे तिचं. आणि ज्वारीचे दाणेच शंभराला पाचनं लहानमोठे असतात, तेवढं कोणी मोजायला जात नाही.

रुपराव: हे तुमाले कधी समजलं?

दीप्ती: रुपरावजी...

रुपराव: कधी समजलं, मॅडम? आज? काल संध्याकाळी?

दीप्ती: त्यांनी गुरूचं अंतर वाचलं तेव्हाच. दोनशे साठाचे पाच टक्के म्हणजे तेरा. तेवढा हिशेब मला उभ्याउभ्या येतो.

रुपराव: काजलही हेच म्हणे. तुमच्या तोंडाकडं पाह्यलं होतं तिनं. म्हणे, मॅडमले येते बाबा हे. मॅडमनंच आमाले शिकवलं. तरी चूप राह्यल्या. मंग आपण शिकून कायले राह्यलो?

दीप्ती: एवढंच नव्हतं. तिच्या तक्त्याबद्दलही मी गप्प राहिले.

रुपराव: विश्वाची सुरुवात. तो तक्ता मले पाठ हाये. माह्यासमोर जुन्या परकराचं इलॅस्टिक काढलं, त्याले गाठी मारल्या अन् एक टोक माह्या हाती दिलं. म्हणे, ताणा. आता कोणत्याही गाठीवर बोट ठेवा बाबा, बाकीच्या साऱ्या गाठी तिच्यापासून दूरच जातात. जितकी लांबची गाठ तितकी जास्त सरकते. मी म्हटलं, मंग मधली कोणती? म्हणे, कोणतीच नाही. फटाका एका जागी फुटते तसं ते नाही झालं, जागाच ताणत गेली. आठवी नापास माणसाले समजलं, मॅडम. त्या शिकल्यासवरल्या माणसाले नाही समजलं?

दीप्ती: नाही समजलं. ते तिला म्हणाले, स्फोट झाला म्हणतेस तर कुठं झाला ती जागा तक्त्यावर दाखव. ती म्हणाली, जागा दाखवता येत नाही. त्यांनी शेरा मारला, ‘संकल्पना अस्पष्ट’. त्यांना खरंच माहीत नव्हतं. आणि खाली तिनं एक प्रश्न लिहिला होता, ‘त्याच्या आधी काय होतं?’ त्याचं उत्तर लिहिलं होतं, ‘माहीत नाही, शोध सुरू आहे.’ ते उत्तर त्यांनी लाल शाईनं खोडलं. प्रदर्शनात असं लिहीत नसतात म्हणाले.

रुपराव: अन् तुम्ही बाजूले उभ्या.

दीप्ती: हो, उभी होते. आता मीही जरा बोलू? सहा वर्षं मी इथं तात्पुरती आहे. दर उन्हाळ्यात माझी नोकरी संपते आणि जूनमध्ये भैयाजींच्या मनात आलं तर परत सुरू होते. माझ्या कायम नेमणुकीचा कागद त्यांच्या टेबलावर पडलाय. अभिजीत सर त्यांचे सख्खे भाचे. काल दोघं शेजारीशेजारी बसले होते. मी तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं, हे तुम्हाला सांगायला हवं का?

रुपराव: नाही. भेव मले समजते. मी ठेकेदाराच्या हाताखाली काम करतो. पॉवर हाऊसच्या गेटवर रोज सकाळी पास दाखवा लागते, अन् तो पास उद्या राहीन का नाही ते मले आज माहीत नसते. पण चौदा वर्षांची पोरगी एकटीच उभी होती ना, मॅडम. तिचा पास कोण दाखवाचा?

दीप्ती: आणि टीसी काढून तुम्ही काय करून राहिलात? सांगा ना. तुम्हीही तिला चूपच करून राहिलात. अभिजीत सरांचा एक शेरा होता, तो पुसता येतो. हा अर्ज मंजूर झाला की तिचं आकाशच बंद. ती वेणी घालताना वर पाहते म्हणता. उमरेडला गेल्यावर पाहील का?

रुपराव: ते मले नका सांगू. मी तिले दोनदा म्हटलं, नको जाऊ. तिचं म्हणणं ऐका. म्हणे, बाबा, त्या सरले येतच नव्हतं, त्याइचा मले राग नाही. जिले येत होतं अन् जे बोलली नाही, तिच्या वर्गात मले नाही बसाचं.

दीप्ती: असं म्हणाली?

रुपराव: खोटं कायले सांगू. सही करा, आजही अर्धीच रजा हाये, मले दोनले कामावर जा लागते.

(शाळेचा शिपाई कवडू दारात येतो.)

कवडू: मॅडम, येऊ काय जी? भैयाजी इचारून राह्यले, निकालपत्रक झालं काय. बारा वाजता माणूस सावनेरले जाऊन राह्यला, तालुक्याच्या प्रदर्शनाची यादी त्याच्याच हाती पाठवाची हाये म्हणे. अरे, रुपरावभाऊ. तुम्ही इकडं कसे?

रुपराव: कामानं आलो.

दीप्ती: थांबा कवडूभाऊ. पत्रक तयार आहे. संयोजक म्हणून फक्त माझी सही राहिली आहे.

कवडू: करून टाका जी. भैयाजीची झाली, अभिजीत सरची झाली.

दीप्ती: सहीच्या वर ‘अभिप्राय’ म्हणून जागा असते. आजवर मी ती कोरी सोडत आले. रुपरावजी, एक मिनिट. लिहिते ते वाचून दाखवते, तुम्ही ऐका. ‘काजल धकाते हिच्या प्रतिकृतीतील सर्व अंतरे एकाच पटीत वाढलेली आहेत, त्यामुळे त्यांचे परस्परप्रमाण अचूक आहे. विश्वाच्या प्रसरणाला मध्यबिंदू नाही, हे तिचे विधानही बरोबर आहे.’

रुपराव: मॅडम, थांबा जरा.

दीप्ती: ‘जे माहीत नाही ते माहीत नाही असे लिहिणे हा दोष नाही.’

रुपराव: थांबा म्हटलं ना. रागाच्या भरात नका लिहू. मी भांडाले आलो होतो, कोणाची नोकरी घ्याले नाही आलो.

दीप्ती: राग आहेच. पण अक्षर नीट येतंय. ‘परीक्षणाच्या वेळी हे मला माहीत होते. मी बोलले नाही. ती चूक माझी आहे, विद्यार्थिनीची नाही. फेरपरीक्षण व्हावे.’ सही. तारीख.

कवडू: मॅडम, माह्याजवळ कोरं पत्रक हाये जी एक. हे खराब झालं म्हणून सांगतो. शाई सांडली म्हणतो. कोणाले समजणार नाही.

दीप्ती: खराब नाही झालं कवडूभाऊ. खाली कार्बन होता, एक प्रत माझ्याकडं राहिली आहे. पाकीट चिकटवा आणि सावनेरच्या माणसाच्या हातात द्या. भैयाजींनी विचारलं तर सांगा, मॅडमनं अभिप्राय लिहिला आहे. मी तास संपवून त्यांच्याकडं येतेच आहे.

कवडू: चिकटवू?

दीप्ती: चिकटवा.

(कवडू पाकीट घेऊन जातो.)

रुपराव: तिले फेरपरीक्षण भेटन?

दीप्ती: माहीत नाही.

रुपराव: अन् तुमचा तो कागद? भैयाजीच्या टेबलावरचा?

दीप्ती: त्याचं काय होईल ते बहुतेक माहीत आहे. तुमच्या अर्जावर सही करू?

रुपराव: राहू द्या. खिशात ठेवतो. घरी जाऊन तुम्ही काय लिहिलं ते तिले सांगतो. मंग ती म्हणन ते. माह्या म्हणण्यानं ती येईनच असं नाही, आताच सांगून ठेवतो.

दीप्ती: खरं आहे.

रुपराव: सूत कुठं हाये?

दीप्ती: त्या कोपऱ्यात, टोपल्यात. सूर्याच्याच. काल पोरांनी कसंतरी गोळा करून आणलं. पार गुंता झालाय.

रुपराव: कितीक ठिकाणी कापलं?

दीप्ती: मोजलं नाही मी.

रुपराव: चार, पाच... हे सहावं. लाल गाठी शाबूत दिसतात. दोनपर्यंत होऊन जाईन. आता गाठी सांधताना थोडं सूत खर्ची पडन, तेवढं नवीन लावून देतो. या वेळेस जास्त नाही धरत.

दीप्ती: धरा. शंभराला पाचच धरा, मागच्यासारखं. मी तसंच लिहून पाठवलंय. मी काय करू?

रुपराव: हे टोक घ्या अन् दरवाजापाशी जाऊन उभ्या राहा. ताणू नका. नुसतं धरून राहा.