आधी जमिनीवर उभं करा

सासू : ते मला सांगू नकोस. काल कॉम्प्युटरवर माझ्या दुकानातल्या कपाटांचे एकशे चाळीस फोटो होते, आज त्या जागी दोन फडतूस फायली. तुझ्या सासऱ्यांनी तीस वर्षं दुकान बुडवायचा प्रयत्न केला, त्यांना जमलं नाही. तू एका सकाळीत करून दाखवलंस.

सून : आई, फोटो गेले नाहीत हो. माझी चाचणीची डिस्क मी चुकून तुमच्या फोटोंच्या फोल्डरवर माउंट केली.

सासू : मला कळेल असं बोल.

सून : जोडली. डिस्क कुठेतरी जोडल्याशिवाय तिच्यातलं दिसत नाही. मी ती नेमकी तुमच्या फोटोंच्या तोंडावर जोडली, ते मागे झाकले गेले. ही बघा, काढली. आले?

सासू : आले. म्हणजे वकिलाच्या घरी झालं तेच. दिव्यांच्या बटणांवर कपाट ठोकलं, आणि वकील दोन दिवस मेणबत्ती घेऊन बटणं शोधतोय.

सून : तुम्ही चुकलात? तुम्ही?

सासू : मिस्त्री चुकला. मी नुसती तिथे उभी होते. तुझं तोंड का एवढंसं झालंय?

सून : अकरा वाजता कर्नलच्या प्रमुखांसमोर बोलायचंय. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला कारभारी. कुठली डिस्क कुठे लागणार, ते तो बघतो. डिस्क जोडायची नवी पद्धत मी दीड वर्षं लिहितेय. दोनदा परत आली. आज नाही म्हणाले तर ती कायमची बासनात.

सासू : जुन्या पद्धतीला काय धाड भरलीय?

सून : कर्नलला एकच हाक मारायची आणि सगळं एका दमात सांगायचं. कुठली डिस्क, कुठल्या जातीची, कुठे लावायची, नुसती वाचायची की लिहायचीसुद्धा, वर दहा अटी एकाच ओळीत. त्यातली एक चुकली की तो म्हणतो, ‘चुकीचं आहे.’ काय चुकलं ते सांगत नाही.

सासू : अगदी आपला जुना मिस्त्री! काचेची दारं, पितळी कडी, तीन खण, डावी भिंत, सगळं सांगून पाठवावं. दुपारी फोन, ‘बाई, जमत नाही.’ अरे काय जमत नाही? ‘जमत नाही.’ जाऊन बघावं तर कडी आखूड!

सून : मग काय केलंत?

सासू : एकेक गोष्ट वदवून घ्यायला लागले. खण बसले? बसले. कडी? नाही. मग तिथेच थांब. आणि कपाट जमिनीवर पुरतं उभं राहिल्याशिवाय भिंतीला हात लावायचा नाही.

सून : आई, माझ्या चार हाका म्हणजे हेच! आधी कोरं कपाट मागायचं, मग अटी एकेक करून सांगायच्या, मग उभं करायचं, आणि शेवटी जागेवर लावायचं.

सासू : मग एवढंच का नाही सांगितलंस त्या माणसाला?

सून : मी चाळीस पानं लिहून पाठवली.

सासू : चाळीस! गिऱ्हाईक पळेल नाही तर काय.

(अकरा वाजलेत. कॉम्प्युटरच्या पडद्यावर प्रमुख. सासू दाराशी मोजपट्टी गुंडाळत उभी.)

प्रमुख : एका हाकेत होणाऱ्या कामाला चार हाका. कशाला? एका वाक्यात सांगा.

सून : सर, कपाट आधी जमिनीवर उभं करून बघायचं, मग भिंतीला लावायचं.

प्रमुख : हे चाळीस पानांत नव्हतं.

सून : नव्हतं. आता बघा, एक अट मुद्दाम चुकवते. जुनी पद्धत म्हणते, ‘चुकीचं आहे.’ नवी म्हणते, ‘साईझ ही अट कळली नाही.’ आणि कपाट अजून जमिनीवरच आहे. कोणाच्या फोल्डरला धक्का नाही.

प्रमुख : हं. हे बरंय. आणि जुन्या हाकेचं काय?

सून : ती काढून टाकायची, सर. दोन-दोन कशाला?

प्रमुख : मग माझं उत्तर ‘नाही’ असंच.

सासू : बरोबर आहे त्यांचं.

प्रमुख : कोण बोललं?

सून : सासूबाई. आई, माझी बाजू घ्या ना!

सासू : बाजू घरात घेईन. दुकानात मी गिऱ्हाइकाची. जो माणूस वीस वर्षं दारात उभा राहून एका दमात सांगतो आणि कपाट घेऊन जातो, त्याला उद्यापासून सांगणार, चारदा बोल? त्याला एकदाच बोलू दे. तुझ्या चार पायऱ्या मागे कारखान्यात कर. त्याला कळायचंही कारण नाही.

प्रमुख : म्हणजे जुनी हाक दर्शनी दारात, आणि आत सगळं नव्या पद्धतीने.

सासू : आणि ज्याला कडीपासून सगळं स्वतः बघायचंय, त्याने खुशाल कारखान्यात यावं.

प्रमुख : दीड वर्षात हे कोणी बोललं नाही.

सून : माझ्या सव्विसाव्या पानावर थोडं...

सासू : नसणार. गप्प बस.

प्रमुख : एवढा बदल करून पाठवा. घेतो.

सून : आई, गेले ते. आई! घेतलं त्यांनी!

सासू : किंचाळू नकोस. मागे मिस्त्री करवत चालवतोय, दचकला तर बोट जाईल त्याचं. सांगत होते की नाही, चाळीस पानं कोण वाचतं?

सून : एक राहिलं. पद्धत पाठवताना खाली लिहावं लागतं, कोणी सुचवलं ते. तुमचं टाकते.

सासू : सासू म्हणून टाकू नकोस. लोकांना वाटेल, छळून घेतलं.

सून : पूर्ण नाव टाकते. जगभर वाचतील.

सासू : टाक. पण पाठवायच्या आधी मला दाखव.

सून : तुम्ही तपासणार?

सासू : बाकीचं तुझं तू बघ. माझं नाव मला वाचता येतं.