म्हातारी एकदाच बघते

(डोंबिवली, मानपाड्यातली उत्तमची भाड्याची खोली. रविवारची दुपार. कोलशेतहून आलेली त्याची आई, मंजुळा, कॉम्प्युटरपुढे बसली आहे. पडद्यावर उत्तम बनवत असलेला खेळ.)

मंजुळा : पन ही म्हातारी हालत का नाय? मेली खांबासारखी उभी!

उत्तम : तेच तर शोधतोय, आये. खेळ चालू होतो, खाडी येते, होडी येते, तिचा पोरगापण येतो. ही त्याला हाकच मारत नाही.

मंजुळा : तोंड नाय दिलास काय तिला?

उत्तम : दिलंय गं. यात माणूस आख्खा बनवत नाहीत. आधी नुसतं नाव, मग त्याला सुटे भाग जोडायचे. दिसायचा एक, चालायचा एक, हाक मारायचा एक. सगळे चेक केले, बरोबर आहेत.

मंजुळा : मंग खोट कुठं हाय?

उत्तम : सुरुवातीलाच. खेळ उघडला की तो एकेकाला जागं करतो. म्हातारीचा नंबर पहिला. ती उठल्या उठल्या पोराला शोधते. तो तर अजून उठलेलाच नसतो! हिला वाटतं, पोरगा नाहीच. मग उभी राहते गप.

मंजुळा : परत नाय बघत?

उत्तम : एकदाच बघते. मीच तसं लिहिलंय, येड्यासारखं.

मंजुळा : गेल्या नारली पुनवेला तुज्या बापाची होडी मी एकलीनंच पुजली.

उत्तम : माहितेय. सुकट आणलीयस ना?

मंजुळा : सुकटीचं नंतर. शेजारच्या शालूनं तुना बघतला व्हता, बंदरावर. नारल पान्यात गेलेला बघून मागं फिरलास. घरी पन नाय आयलास. वरीस होत आलं, उत्तम.

उत्तम : तू थांबली नाहीस, आये. घरातले सगळे आल्याशिवाय आपला नारळ सुटत नाही. धोंडिबाकाका उरणहून येईपर्यंत बाबा कंबरभर पाण्यात उभे राहिलेले. माझ्यासाठी कोण थांबलं? वाटलं, बाबा गेले, आता आपल्याला कोण विचारतंय.

मंजुळा : मी बघतलं रे! सकाली उठल्या उठल्या दारात जाऊन बघतलं. तू नव्हतास. म्हनलं, पोरगा डोंबिवलीकर जाला, आता नाय येवाचा. मंग परत बघायचा धीरच नाय जाला.

उत्तम : कंपनीतनं उशिरा सोडलं. आलेलो मी.

मंजुळा : आयला व्हतास तर हाक मारायचीस! तो भाग काय मीच तुला जोडायचा इसरले?

उत्तम : मार टोमणे.

मंजुळा : नि नंतर? पीसीओ काय बंद पडलेले?

उत्तम : दोनदा शेजारच्यांचा नंबर फिरवला. त्यांनी उचलला की काय बोलू तेच सुचेना. इथं एकटा जेवायला बसतो ना, तेव्हा वाटतं, आत्ता उठून जावं घरी. मग वाटतं, आयेनं वाट बघणंच सोडलंय.

मंजुळा : नि मी तिकडं कोंबड्यांशी बोलते. दुसरा हाय कोन?

उत्तम : आये, रडू नको ना.

मंजुळा : नाय रडत. ह्या म्हातारीचं काय करनार, सांग.

उत्तम : दोन फेऱ्या करायच्या. पहिल्या फेरीत सगळ्यांनी नुसतं उठायचं, आपापलं सावरायचं. कोणी कोणाला शोधायचं नाही. शेवटचा उठला की दुसरी फेरी. मग शोधायचं.

मंजुळा : कर. माज्यासमोर कर.

उत्तम : थांब, इथली ओळ तिकडे... हं. आता चालू करतो. बघ.

मंजुळा : अगो बाय! वलली, वलली! हात केलान! काय लिवून आयलं तिच्या डोक्यावर?

उत्तम : ‘ये रे.’

मंजुळा : नि तो? नुसता बघतोय मेला.

उत्तम : त्याला उत्तर द्यायचा भाग अजून जोडला नाही.

मंजुळा : तो जोड आधी. मी चाय ठेवते.

उत्तम : आये, ह्या पुनवेलापण सुट्टी नाहीये. उशीरच होईल.

मंजुळा : मंग उशिरा ये. मी परत परत बघीन.