पासवर्ड दिसेना

नेरूळच्या डोळ्यांच्या दवाखान्यात ऋताच्या शेजारच्या बाकावर एक काका-काकू येऊन टेकले, आणि तिच्या हातातलं मासिक त्याच पानावर उघडं राहिलं.

“अहो, समोरचा तक्ता वाचा बघू.”

“वाचला की. पार खालच्या ओळीपर्यंत.”

“मग दिसतंय की चांगलं!”

“इथं दिसतंय गं. घरी टीव्हीसमोर अपडेट करायला बसलो, की पासवर्डचं एक अक्षर दिसेल तर शपथ.”

“तुमच्या भाच्यानं टीव्हीला जोडलेल्या त्या कॉम्प्युटरच्या डब्यात लिनक्स घालून दिलं ना, तेव्हाच मी म्हटलं होतं, हे आपल्याला झेपायचं नाही.”

“कीबोर्डचे सेल बदलले, चष्मा पुसला, टीव्हीला नाक लावून बसलो. कोरं ते कोरंच!”

“आणि अपडेट होईना म्हणून माझे पिक्चर बंद. पंधरा दिवस झाले.”

ऋताला राहवलं नाही.

“काका, लिनक्समध्ये तिथं पासवर्ड टाइप केला तरी दिसतच नाही. तसाच टाइप करायचा आणि एंटर दाबायचं.”

“म्हणजे माझे डोळे ठणठणीत?”

“यात डोळ्यांचा काही दोषच नाही, काका.”

“ऐकलंत? उठा आता. घरी जाऊन मीच टाइप करते. पासवर्डला माझंच नाव ठेवलंय म्हणालात ना?”

काका तक्त्याकडे बघत राहिले.

“अहो, ठेवलंय ना?”

“बस गं जरा, उज्ज्वला. एवढं आलोच आहोत, तर डोळे तपासूनच जाऊ.”