आवसेचं पाणी

(शिरूर तालुक्यातलं निमोणे, सकाळचे दहा. ज्योतिबा आबांच्या ओसरीवर प्राचीबाई जुन्या वह्या चाळत बसल्यात. त्या दौंडच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात. वस्तीवरच्या सात विहिरींचं पाणी गेली नऊ वर्षं आबा त्यांच्यासाठी दोरी सोडून मोजत आलेत. आबांची सून प्रतिभा शेताकडून नुकतीच आत गेलीय.)

आबा: आन् त्या कमिटीला माझ्या वह्या कशापायी पायजेत? तुमी छापलंय की समदं.

प्राची: छापलेल्यावर भागत नाही, आबा. मूळ नोंदी आणा म्हणतात. गुरुवारी पुण्याला मुलाखत. मला प्राध्यापक करायचं की नाही, ते ह्या वेळी कायमचं ठरणार.

आबा: मागल्या टायमाला बी ठरनारच व्हतं.

प्राची: मागच्या वेळी अकरा निबंधांची यादी पुढं ठेवली. जीवशास्त्राचे गृहस्थ यादी वाचून म्हणाले, ह्या तर पाण्याच्या बाई. यादी सरकवली भूजलवाल्यांकडं. ते म्हणाले, छे, ह्या झिंग्यांच्या बाई. मग दोघांनी चहा घेतला. आठवड्यानं मला पत्र आलं की तुमच्या कामाला एक दिशा नाही.

आबा: झिंगं पान्यातच ऱ्हात्यात की.

प्राची: मी तेच म्हणाले. साती विहिरींत बिनडोळ्यांचे तेच पांढरे झिंगे सापडतात, म्हणजे खालून खडकाच्या भेगांमधून पाणी एकमेकांत मिसळलेलं आहे. पाणी खाली गेलं की भेगा कोरड्या पडतात. मग ह्या विहिरीतलं झिंग्यांचं घराणं त्या विहिरीतल्यापासून तुटतं, आणि पुढं वेगळं वाढत जातं. त्यांनी माना हलवल्या. माना हलवणं त्यांना छान जमतं.

आबा: दमलाय तुमी.

प्राची: एकोणपन्नास चालू आहे, आबा. दौंडहून निमोण्यापर्यंत स्कूटर चालवली की कंबर बोलायला लागते. गुरुवार एकदा पार पडू दे. मग महिनाभर कुणाला काही समजावून सांगायचं नाही, असं ठरवलंय.

प्रतिभा: घ्या मॅडम, चहा. कप जरा ओला झालाय. कांद्याला पाणी धरून तशीच आले.

आबा: धर, धर. आवसेला बी पानी धर. सासू बगतीया वरनं.

प्रतिभा: सासूबाई बघतायत ना, मग दिवसाची लाईट मोजून आवसेलाच कशी येते, ते पण त्यांनाच विचारा. मामा, ह्या आठवड्यात दिवसाची लाईट आजच आहे. उद्यापासून परत रात्रीची. अंधारात सापाच्या अंगावर पाय द्यायला मी जाते, तुम्ही नाही.

प्राची: अमावस्येला पाणी धरायचं नसतं का?

आबा: नसतंय.

प्राची: का?

आबा: का म्हंजी? इहीर झोपलेली आस्ती त्या दिशी. आदल्या सांजंपासनं मोटर बंद. पार दुसऱ्या दिशी उजाडंपातुर.

प्राची: फक्त तुमची विहीर?

आबा: साती. आमची ही म्हाताऱ्याकोताऱ्यांपासनं चाल. मेंढरं घिऊन फिरत व्हतो तवा बी आवसेला तळ मोडत नव्हतो. मग जमिनी झाल्या, इहिरी खांदल्या, तवा ती इहिरींना लागू झाली.

प्राची: आणि तुम्ही दोरी सोडता आवसेलाच.

आबा: तुमीच म्हनला, म्हैन्याचा येक दिस ठरवा, चुकवू नगा. आवस ध्यानात ऱ्हाती. आन् त्या दिशी पानी कसं थिर आसायचं, दोरी नीट सुटायची.

प्राची: प्रतिभा, तू आवसेला मोटर कधीपासून चालवतेस?

प्रतिभा: मी एकटीच नाही हां. सगळेच चालवतात.

प्राची: कधीपासून?

प्रतिभा: सासूबाई गेल्या तेव्हापासून. त्या होत्या तोवर कुणाची टाप नव्हती. आदल्या संध्याकाळी साती विहिरींवर चालत जायच्या. बन्सीमामांनी एकदा गुपचूप मोटर चालू केली, तर त्यांच्या स्टार्टरच्या पेटीपुढं पदर पसरून बसल्या. बन्सीमामा हात जोडायला लागले, वहिनी उठा, लोक बघतायत. तेव्हा उठल्या.

आबा: वरनं गानं म्हनायची. आवसेच्या दिशी इहीर म्हायेराला आली बाई, नगं हालवू पानी, तिला जागं करू न्हाई. रतन मेली आन् समद्यांना दिवसाची लाईट दिसाया लागली.

प्राची: रतनबाई श्रावणात गेल्या ना? चार वर्षं झाली.

आबा: श्रावन वद्य नवमी.

प्राची: वही द्या ती. निळी. ही नाही, तिच्या खालची. आषाढातली आवस, कठड्यापासून पाणी बारा फुटांवर. श्रावणातली, त्या गेल्यानंतरची पहिली, चौदा. भाद्रपदातली तेवीस. आणि मग तेवीस, चोवीस, तेवीस. साती विहिरी तशाच.

प्रतिभा: काय झालं, मॅडम?

प्राची: त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता. तरी पाणी दोन महिन्यांत अकरा फूट खाली. मी आठ महिने त्याच्यामागं होते. शेवटी लिहिलं, आसपास नव्या बोअर झाल्या त्यांनी पाणी ओढलं. आलेखावर त्या महिन्याला उभी लाल रेघ मारली. अकरा निबंधांतला तोच एक लोकांनी वाचलाय. त्याच्यावर पुढचे पाच उभे आहेत. पाणी तुटलं म्हणून झिंग्यांची घराणी तुटली, ते सगळं त्याच्यातच.

आबा: मग?

प्राची: पाच वर्षं तुम्ही विश्रांती घेतलेल्या विहिरी मोजल्यात, आबा. नंतरची चार वर्षं चालत्या मोटरीच्या. बोअरचा काही संबंध नाही. वस्तीनं एक चाल सोडली, तेवढंच त्या आलेखात दिसतंय.

आबा: म्हंजी ती लाल रेघ...

प्राची: रतनबाईंची आहे.

प्रतिभा: चहा निवला तुमचा. दुसरा आणू?

प्राची: नको, बस तू.

आबा: म्या दोरी बराबर सोडत व्हतो, बाई. येक डाव बी खोटं लिवलं न्हाई. ताप होता तवा बी गेलो.

प्राची: तुमची दोरी बरोबरच आहे. चूक माझी. मोटर बंद असते का, एवढं एक विचारायला हवं होतं. नऊ वर्षांत विचारलं नाही.

आबा: आन् म्या बी बोललो न्हाई. आवसेचं काय सांगायचं आसतंय? इहीर आसलेल्या समद्यांना ठावं.

प्राची: आमच्या घराला विहीर नव्हती, आबा. आजी तिच्या गावाला विहिरीपासून लांब उभी राहायची, घागर खाली ठेवून. कुणाला दया आली तर वरून ओतायचं. मग आजोबा रेल्वेत लागले, दौंडला क्वार्टर मिळालं, नळ आला. आईनं तर विहिरीचं नावच काढू दिलं नाही घरात. विहीर कधी झोपते, ते मला कोण सांगणार होतं?

आबा: तेबी खरं हाय.

प्रतिभा: मॅडम, एक बोलू का? गुरुवार होऊन जाऊ द्या. हे आपल्या तिघांनाच माहिती आहे. ऑर्डर हातात पडली की मग करा काय करायचं ते.

आबा: व्हय. म्या कुनाला बोलनार न्हाई. रतनची आन हाय मला.

प्राची: मी पण मघापासून मनात तेच म्हणतेय. अगदी असंच, गुरुवार होऊन जाऊ दे. मग वाटतं, गुरुवारी ह्याच वह्या टेबलावर ठेवून मला त्याच लाल रेघेवर बोलायचंय. गेल्या महिन्यात लातूरकडच्या एका मुलीचा फोन आला होता. सुलक्षणा नाव तिचं. माझ्या निबंधावरून तिनं पीएचडीचा विषय घेतलाय. मॅडम, तुमच्यासारखंच आमच्याकडं करून बघते म्हणाली. मी तिला शाबासकी दिली, आबा.

प्रतिभा: मग मुलाखतीत काय सांगणार?

प्राची: सहा निबंध मागं घेतले म्हणून सांगेन. ते माना हलवतील. कागद आहे का एखादा? आणि पेन. पाच तर माझ्या एकटीचे आहेत, त्यांचं मी बघते. हा मोठा मागं घ्यायला मात्र त्यावर नाव असलेल्या सगळ्यांची सही लागते. दोनच नावं आहेत. माझं आणि तुमचं.

आबा: म्या न्हाई करनार सही.

प्रतिभा: मामा.

आबा: न्हाई म्हन्लं ना. चावडीवर मला शास्त्रज्ञ म्हनून चिडवत्यात. चिडवत्यात, पर उठून बसाया जागा बी देत्यात. तिसरी शिकलेल्या मानसाचं नाव विंग्रजीत छापलंय. उद्या काय सांगू, खोटं निगालं म्हनून पुसलं?

प्राची: पहिला निबंध राहील, आबा. साती विहिरींतले झिंगे एकाच घराण्यातले, तो. त्याला काही धक्का लागत नाही. त्याच्यावरही तुमचं नाव आहे.

आबा: त्यो कोन वाचतंय?

प्राची: कुणी नाही.

प्रतिभा: मामा, द्या की सही. बाईंचं तोंड बघा जरा.

आबा: माझं कोन बगतंय? ह्या कागुदापायी म्या लिंबोनी लावली न्हाई. खड्डं घिऊन ठिवलं व्हतं दीडशे. ह्या ग्रामसभेत उभं राहून म्हनल्या, पानी अकरा फूट गेलं, जपून ऱ्हावा. म्या खड्डं बुजवलं. पोरगं म्हनलं, आता शेतात काय राम न्हाई, आन् रांजनगावला कंपनीत लागलं.

प्रतिभा: मी तेव्हापासून सांगतेय ह्यांना. मोटर आधी जेवढी चालायची तेवढीच चालते. चार तास पाणी पुरतं, दुसऱ्या दिवशी परत चार तास. मी म्हणायची, पाणी गेलं म्हणता, मग हे येतंय कुठनं?

आबा: मला बी दिसत व्हतं. पर म्हनलं, आपला डोळा खोटा आसंल. छापल्यालं कसं खोटं आसंल?

प्राची: प्रतिभा, चार तास? नऊ वर्षांपूर्वी पण?

प्रतिभा: लग्न होऊन आले तेव्हापासून. बारा वर्षं झाली. उन्हाळ्यात अडीच.

प्राची: अजूनही उन्हाळ्यात अडीचच?

प्रतिभा: अडीचच.

आबा: काय इच्यार चाललाय, बाई?

प्राची: मी लिहिलं होतं पाणी गेलं. बहुतेक कुठं गेलेलं नाही, आबा. पुन्हा मोजल्याशिवाय सांगता यायचं नाही. पण मोटर चालते तेवढ्यापुरतं उतरत असेल, मग परत होतं तिथंच येत असेल.

आबा: साती इहिरीत?

प्राची: बहुतेक.

आबा: मग आना तो कागुद हिकडं. हे आदी सांगायचं सोडून नावाचं काय धरून बसलाय.